नकाशे सुरेख आले, समास मात्र कापले गेले

साठ वर्षांपूर्वीच्या एका काँक्रीटच्या वाचनालयाचं दस्तावेजीकरण मी करते आहे. मूळ नकाशांचं स्कॅनिंग आणि इमारतीचं लेझर स्कॅनिंग (लेझरने पृष्ठभागाची त्रिमितीय मोजणी), दोन्ही एकाच संस्थेकडे दिलं होतं.

लेझरचं काम अप्रतिम. काँक्रीट ओतताना लावलेल्या शटरिंगच्या फळ्यांचे सांधे स्लॅबच्या पोटावर जसे उमटलेत, तसेच्या तसे पडद्यावर दिसतात. कागद हाताळतानाही माणसं जपून होती. ट्रेसिंग पेपर जुना झाला की कडांना तडकतो. त्यांनी एकही कागद रोलरमधून ओढला नाही, सगळे सपाट काचेवर ठेवून घेतले.

घोळ झाला तो नंतर. फायली 'स्वच्छ' करताना त्यांनी समास कापले आणि सगळं काळं-पांढरं केलं. छेदाच्या (इमारत उभी कापून आतली रचना दाखवणाऱ्या) एका नकाशावर कडेला फिकट पेन्सिलीत लिहिलं होतं : 'गज आत घ्या, कव्हर पाऊण इंच'. गज म्हणजे काँक्रीटमधली लोखंडी सळई, कव्हर म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर. तेच गेलं! इमारतीच्या दुरुस्तीत सगळ्यात मोलाची ओळ ती. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, गजांना गंजापासून जपणारी त्याची अल्कता उतरते, गज गंजतात, गंज फुगतो आणि वरचा थर सुटून पडतो. कव्हर किती ठेवलं होतं हे कळलं, तर धोका कुठे आधी येणार याचा अंदाज बांधता येतो. लेझरला फक्त पृष्ठभाग दिसतो. आतला गज कुठे आहे ते त्या पेन्सिलीलाच ठाऊक.

तक्रार केल्यावर त्यांनी बावीस कागद पुन्हा, रंगीत आणि कडेपर्यंत करून दिले. वेगळे पैसे घेतले नाहीत, पण तीन आठवडे गेले. या इमारतींच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो. जुन्या वाड्याला वारसा म्हणायला लोक चटकन तयार होतात, काँक्रीटला नाही. तोक्योतला १९७२ चा नाकागिन कॅप्सूल टॉवर २०२२ मध्ये उतरवला गेला. आधी त्याचं त्रिमितीय स्कॅन झालं म्हणून निदान तेवढं तरी हाती राहिलं.

काम देणार असाल तर आधी लिहून घ्या : समास कापायचे नाहीत, मागची बाजूही स्कॅन करायची, नकाशे टिफ या चित्र-फाइलीत आणि पॉइंट क्लाउड (लेझरने मोजलेल्या बिंदूंचा संच) ई५७ या खुल्या फाइल-प्रकारात हवा. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल वीस वर्षांनी उघडेलच असं नाही.

पुढची इमारत मी यांनाच देणार आहे. समासाची अट करारात पहिल्या ओळीत घातली आहे.