पहिली दुर्बीण: 10×50 बायनॉक्युलर की 130 मिमीचा परावर्ती टेलिस्कोप?

भाचा महिनाभर या दोन्हींत अडकलाय: 10 पट मोठं दाखवणारं, 50 मिमी भिंगांचं बायनॉक्युलर, की 130 मिमी रुंद आरशाचा टेलिस्कोप. टेलिस्कोपच्या खोक्यावरच्या ‘525 पट’कडे मी त्याला बघूच दिलं नाही. आरशाच्या दर मिलिमीटरला दोन पट, म्हणजे 130 मिमीला फार तर 260 पट. त्यापुढे नुसतं धुरकट.

दिसतं काय? गुरूचे चार मोठे चंद्र दोन्हींत दिसतात. शनीची कडी मात्र 10 पटीत सुटी होत नाही, तिथे टेलिस्कोपच हवा. 50 पटीला ग्रह आणि कडी यांच्यामधली काळी फट पहिल्यांदा दिसते, तेव्हा माणूस डोळा हलवत नाही. उलट कृत्तिकांचा अख्खा गुच्छ बायनॉक्युलरमध्ये जसा मावतो, तसा जास्त पटीच्या टेलिस्कोपमध्ये मावत नाही.

कष्ट: टेलिस्कोप गच्चीवर न्या, बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्या, प्रवासात हलले असतील तर आरसे जुळवा. बायनॉक्युलर गळ्यात अडकवलं की झालं. हात थरथरतो, म्हणून कोपर कठड्यावर टेकवा.

किमतीत टेलिस्कोप कितीतरी महाग. पावसाळा दोघांचाही वैरी, भिंगांवर बुरशी धरते. बायनॉक्युलर सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात राहतं, लांब नळीला तशी जागा कुठली?

शहरात फ्लॅट, महिन्यातून एकदा वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी लोकलने जाणं, आकाशाची ओळख नवी: बायनॉक्युलर घ्या. स्वतःची गच्ची किंवा अंगण आहे आणि ग्रहांचंच वेड आहे, तर थोडं थांबून पैसे साठवा, टेलिस्कोपच घ्या. भाचा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला मी बायनॉक्युलरच सांगितलं.