खाऊवाला कॅट कॅफे की बिनखाऊचा?

कॅट कॅफे म्हणजे तिकीट काढून मांजरांसोबत वेळ घालवायची जागा. रॅगडॉल, पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर ही मंडळी जातिवंत मांजरांच्या बहुतेक कॅफेंत भेटतात, त्यामुळे जात बघून कॅफे निवडण्यात फारसा अर्थ नाही. आधी एवढंच विचारा: मांजरांसाठीचा खाऊ तिथे विकत मिळतो का?

मिळत असेल तर आत शिरल्यावर दोन मिनिटांत मांजरं भोवती जमतात. अर्ध्या तासाचं तिकीट असेल किंवा सोबत लहान मूल असेल, तर ही मोठी सोय आहे.

मला खटकतं ते पुढचं. खाऊच्या पेस्टची नळी संपली की मांडीवरचं रॅगडॉल उठून सरळ शेजारच्याकडे जातं. त्याआधीही निवांतपणा नसतो: एका नळीवर तीन-चार मांजरं आली की दांडगी पुढे घुसतात, बुजरं मागेच राहतं, फटकारे बसतात आणि नखं लागतात ती मध्ये सापडलेल्या आपल्या बोटांना. शिवाय चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि त्यात खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. एका नळीत सहा-सात कॅलरी धरल्या, तर तीन नळ्यांतच दिवसाचा खाऊ संपला. कॅफेने हात आखडता घेतला नाही तर दुपारपर्यंत मांजरं तुडुंब होतात, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला नुसती पाठ दिसते.

बिनखाऊच्या कॅफेत पहिली पंधरा-वीस मिनिटं बहुधा कोरडी जातात. तेवढा धीर हवा, म्हणून तिकीट निदान तासाभराचं घ्या. जमिनीवर बसा, टक लावून बघू नका. एक बोट मांजराच्या नाकाच्या उंचीवर, वीतभर लांब धरून थांबा. वास घेऊन त्याने स्वतः गाल घासला, तर गाल, हनुवटी, कानांच्या बुडाशी खाजवा. पोटाला आणि शेपटीच्या मुळाशी हात नको. शेपूट आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली किंवा कान मागे वळले की हात काढून घ्या. चावा बहुतेक वेळा त्यानंतरच बसतो. ब्रिटिश शॉर्टहेअर शेजारी टेकून बसेल, पण त्याला सहसा उचललेलं खपत नाही. पर्शियनच्या काखेत गुंता लागला तर तो सोडवत बसू नका, कातडी ओढली जाऊन दुखतं. आणि रॅगडॉल एकदा आपणहून मांडीवर आलं, पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करत घुरघुरायला लागलं, की बऱ्याचदा वेळ संपेपर्यंत हलत नाही. माझं मत त्यामुळेच बिनखाऊकडे झुकतं. घाई असणाऱ्याला ते पटेलच असं नाही.

दोन गोष्टी दोन्हीकडे लागू. ॲलर्जी असेल तर कुठलीच जात पूर्ण सुरक्षित नाही, कारण त्रास देणारं प्रथिन लाळेत आणि त्वचेत असतं. आणि दुमडलेल्या कानांची स्कॉटिश फोल्ड मांजरं मुद्दाम मिरवणारा कॅफे मी तरी टाळेन. कान दुमडवणारा कूर्चेचा दोष त्यांच्या सांध्यांतही असतो आणि तो दुखतो.

खाऊवाल्यातच जायचं असेल तर उघडल्यानंतरची पहिली वेळ घ्या, पेस्ट बोटावर न घेता चमच्यावर पिळा, आणि अर्धी नळी कोपऱ्यातल्या बुजऱ्या मांजरासाठी राखून ठेवा.