जेमार्सवर आठ महिने: खड्डे, उंचवटे आणि गाळ

मंगळाचे नकाशे आणि यानांनी घेतलेले फोटो बघायचं ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं जेमार्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून उतरवून घेतलं. पहिल्याच रात्री मंगळावरचं एक विवर मला चक्क टेकडीसारखं दिसलं आणि अर्धा तास मी त्या ‘टेकडी’वर टिपणं काढली! चूक डोळ्यांची. मंगळाभोवती फिरणारं नासाचं यान, मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर, तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास फोटो घेतं, म्हणजे उत्तर वर ठेवली की ऊन डावीकडून. आतली डावी बाजू सावलीत असेल तर तो खड्डा. हे आता चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलंय.

नकाशावर प्रत्येक फोटोची चौकट दिसते, तिला इथे ‘स्टॅम्प’ म्हणतात. हवा तो निवडायचा. माझ्या जुन्या लॅपटॉपला तीन-चारच झेपतात, मग पंखा बोंबलतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला मंगळावरच्या एबर्सवाल्ड विवरात. तिथल्या त्रिभुज प्रदेशाबद्दल मॅलिन आणि एजेट या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लिहिलं होतं. मी नदीच्या सऱ्या शोधत होतो, सापडले वरंबे. पात्रातला गाळ घट्ट होऊन बसला, आजूबाजूची बारीक माती वाऱ्याने उडवून नेली आणि सरीचा वरंबा झाला. नागमोडी, एकमेकांना छेदणारे. एका पुरात अशी वळणं पडत नाहीत, पाणी बराच काळ वाहिलं असणार.

थेमिस या मार्स ओडिसी यानावरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा रात्रीचा इन्फ्रारेड लेअर जरूर लावा. खडक दिवसाची ऊब धरून ठेवतो म्हणून उजळ, धूळ चटकन गार होते म्हणून काळी. दिवसा एकसारखा वाटणारा तळ रात्री पार वेगळा दिसतो.

उंचीसाठी मोला, म्हणजे यानावरून लेसरने मोजलेल्या उंचीचा नकाशा आहे, पण एक पिक्सेल सुमारे ४६३ मीटरचा. आपलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटर, त्यात चार पिक्सेलांत संपेल. सीटीएक्स आणि हायराइज हे मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरवरचे दोन कॅमेरे. सीटीएक्सचा पिक्सेल सहा मीटरचा, रोजच्या कामाला तोच बरा. हायराइजमध्ये मोठे धोंडेही दिसतात, पण पट्टी सहा किलोमीटर रुंद आणि नेमकी हवी ती जागा तिच्या बाहेर. त्यातली निळी वाळू बघून हुरळू नका, त्या रंगांत इन्फ्रारेड मिसळलेला असतो.

विवरं मोजून जमिनीचं वय काढणं (जास्त विवरं म्हणजे जुनी जमीन) मात्र अजून जमलेलं नाही. मोठ्या आघातात उडालेले दगड पडूनही खड्डे होतात, ते गाळावे लागतात. गेल्या आठवड्यात २१२ मोजले. नंतर नीट पाहिलं तर बरेचसे माळेसारखे एका रांगेत, म्हणजे अशा उडालेल्या दगडांचेच. आता पुन्हा पहिल्यापासून.