पहिले नाभीय प्रतल की दुसरे? दोन रायफल स्कोपांचे परीक्षण

डेन्व्हरहून महामार्ग २५ ने दक्षिणेकडे निघाले की न्यू मेक्सिकोत शिरताच रॅटन हे गाव लागते. तेथील व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजी केंद्रावर १,१२३ यार्डांवर पोलादी पत्र्याचा एक पांढरा बायसन उभा आहे, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीची ओढ लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्यावर नेम धरतोच. गेली दोन वर्षे याच केंद्रावर मी माझ्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलीवर दोन स्कोप, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणी, आलटून पालटून वापरले. पहिला व्हॉर्टेक्स कंपनीचा डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४x५० (६ ते २४ पट झूम, पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे), ज्याचे रेटिकल, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली आणि तिच्यावरच्या खुणा, पहिल्या नाभीय प्रतलात आहे. दुसरा माझ्याकडे आधीपासून असलेला, तेवढ्याच झूमचा आणि तेवढ्याच भिंगाचा, पण दुसऱ्या प्रतलातल्या रेटिकलचा. दोन्हींच्या खुणा मिलमध्ये (१,००० यार्डांवर १ यार्ड व्यापणारा कोन) आहेत, त्यामुळे तुलना सरळ करता आली.

फरक कुठे पडतो हे समजण्यासाठी नळीच्या आत काय घडते ते पाहावे लागते. पुढच्या भिंगातून आलेली प्रतिमा आत प्रथम उलटी तयार होते, ती जागा म्हणजे पहिले नाभीय प्रतल. पुढची भिंगे ती सुलटी करतात आणि झूमचे कडे फिरवले की लहानमोठीही करतात. ही सुलटी प्रतिमा डोळ्याजवळ जिथे पडते ते दुसरे प्रतल. रेटिकल पहिल्या प्रतलात बसवले असेल तर लक्ष्याबरोबर तेही मोठे होते, आणि १ मिलची खूण कोणत्याही झूमवर १ मिलच राहते. दुसऱ्या प्रतलातले रेटिकल मात्र डोळ्याला सदैव एकाच आकाराचे दिसते, म्हणून त्याच्या खुणा एका ठरावीक झूमवरच खऱ्या असतात. माझ्या जुन्या स्कोपात तो २४ पट आहे. त्यावर १२ पट झूम ठेवला की १ मिलची खूण प्रत्यक्षात २ मिल झाकते.

हे गणित मला पाठ होते, तरीही ते मैदानावर निसटले. जुलैतल्या एका दुपारी ६०० यार्डांवरच्या १८ इंची पोलादी तबकडीवर मी जुन्या स्कोपातून नेम धरला होता. जमीन तापून हवा अशी लहरत होती की २४ पटीवर तबकडी पाण्याखाली असल्यासारखी हलत होती, म्हणून सगळे करतात तसा मी झूम निम्म्यावर आणला. उंचीची दुरुस्ती टरेटवर, म्हणजे नेम सरकवणाऱ्या स्कोपावरच्या फिरत्या बटणावर, केलेली होती, आणि उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी रेटिकलवरच १ मिल उजवीकडे धरले. धूळ उडाली ती तबकडीच्या बरोबर उंचीवर, पण जवळजवळ दोन फूट उजवीकडे. वारा समजलो त्यापेक्षा मंद आहे असे ठरवून मी पुढच्या वेळी अर्धाच मिल धरला आणि गोळी तबकडीवर लागली. संध्याकाळी हवा निवल्यावर, वारा तसाच असताना, २४ पटीवर तोच अर्धा मिल धरला, तर गोळी डाव्या कडेबाहेरून गेली. ६०० यार्डांवर १ मिल म्हणजे २१.६ इंच. दुपारी मी १ मिल समजून २ मिल धरत होतो आणि अर्धा समजून पूर्ण १, हे तेव्हा कुठे उलगडले. नेम चुकला याचे मला फारसे वाटले नाही; मधली गोळी लागल्यामुळे मी वाऱ्याविषयी चुकीचा धडा घेतला, हे मात्र फार लागले.

या प्रसंगात उंची का चुकली नाही, याकडे लक्ष द्यावे. टरेटचा एक टिचका ०.१ मिलचा असेल, तर तो रेटिकल कोणत्याही प्रतलात असो, झूम कितीही असो, ०.१ मिलच सरकवतो. पहिल्या प्रतलाच्या स्कोपाची टरेटे अधिक अचूक असतात हा समज बराच पसरलेला आहे आणि तो खरा नाही. प्रतलाचा संबंध रेटिकलच्या खुणांवरून धरण्याशी आणि मोजण्याशी आहे. अंतर मोजतानाही हीच गोष्ट लागू पडते: १८ इंची तबकडी १ मिलमध्ये बसली तर ती ५०० यार्डांवर आहे, पण दुसऱ्या प्रतलाच्या स्कोपात अर्ध्या झूमवर तीच अर्ध्या मिलची दिसेल आणि उत्तर १,००० यार्ड येईल.

डायमंडबॅक टॅक्टिकलने हा सगळा हिशेब माझ्या डोक्यातून काढून टाकला. उन्हाच्या लहरी वाढल्या की मी झूम १४ वर आणतो, १६ वर नेतो, आणि कड्याकडे पाहतही नाही. बायसनावर पहिल्यांदा गोळी लागली तेव्हा झूम किती होता हे मला आजही सांगता येणार नाही, आणि माझ्या मते या स्कोपाची यापेक्षा मोठी पावती नाही. त्याची नळी ३० मिलिमीटरची, वजन साधारण ७०० ग्रॅम, आणि पॅरॅलॅक्स (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसण्याचा दोष) १० यार्डांपर्यंत जुळवता येत असल्याने घरामागच्या एअर रायफलीवरही तो चालतो.

मात्र हरणा-एल्कच्या शिकारीला मी तो नेत नाही. कोलोरॅडोत सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी मुभा असते, आणि जनावर बहुधा त्या कडेच्या उजेडातच झाडीबाहेर येते. अशा वेळी झूम खाली असतो, आणि पहिल्या प्रतलातले बारीक रेटिकल तिथे कोळ्याच्या धाग्याइतके उरते. या मॉडेलात रेटिकल उजळण्याची सोयही नाही. दुसऱ्या प्रतलातले रेटिकल सहा पटीवरही तेवढेच ठळक दिसते. युरोपातल्या शिकाऱ्यांनी पहिल्या प्रतलाचे स्कोप पिढ्यान्‌पिढ्या वापरले, पण त्यांचे जर्मन रेटिकल तीन जाड पट्ट्यांचे होते, अंधारातही हरवणार नाही असे. खुणांनी भरलेल्या आजच्या नाजूक रेटिकलकडून ती अपेक्षा करता येत नाही.

त्यामुळे जुना स्कोप मी विकलेला नाही. तो आता शिकारीच्या रायफलीवर आहे. तिथे २५० यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही आणि मधला छेद सोडून कुठलीही खूण वापरत नाही, म्हणून झूमचा हिशेबच उद्भवत नाही. एका जागी पडून, झूम न बदलता, फक्त टरेटवर दुरुस्ती करणाऱ्यालाही पहिल्या प्रतलासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. वारा रेटिकलवर धरणाऱ्याने, किंवा एकामागून एक वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये घेणाऱ्याने मात्र तो खर्च जरूर करावा.

दुकानात स्कोप पाहताना एक काम आवर्जून करावे. दुकानदार बहुधा झूम पूर्ण वाढवून तो हातात देतो, कारण तेव्हा रेटिकल सुरेख दिसते. कडे सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखावे आणि मधला छेद दिसायला डोळ्याला किती वेळ लागतो ते पाहावे.