प्रॉम्प्टमध्ये गिट दाखवायला लागल्यापासून: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यातल्या सध्याच्या ब्रांचचं (कामाच्या शाखेचं) नाव टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी, समोर दिसावं एवढ्यासाठीच हे लावलं होतं, पण खरा उपयोग दुसराच निघाला. रिबेस (आपले कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, नव्या पायावर एकेक करून परत बसवणं) अर्धवट असताना कोणीतरी मीटिंगला ओढून नेतं, तासाभराने परत येऊन बघावं तर ब्रांचच्या शेजारीच 'रिबेस २/५' लिहिलेलं असतं, म्हणजे पाचातल्या दुसऱ्या कमिटवर गाडं अडलंय. मर्ज, चेरी-पिक, बायसेक्ट असं गिटचं दुसरं काही काम अर्धवट असलं तरी तसंच. नुसतं एवढ्यासाठी पण लावा म्हणेन मी.

मी बॅशवाला (बॅश म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारं एक शेल). गिटसोबतच गिट-प्रॉम्प्ट नावाची स्क्रिप्ट येते, ती बॅशआरसीमधून (बॅशच्या सेटिंगची फाइल) सोर्स करायची, म्हणजे लोड करायची, आणि तिचं फंक्शन पीएस१ मध्ये (प्रॉम्प्ट कसा दिसेल ते ठरवणारं व्हेरिएबल) टाकायचं, झालं. फक्त सिंगल कोटमध्येच टाका. डबल कोटमध्ये ते शेल उघडताना एकदाच चालतं, मग तुम्ही कुठल्याही फोल्डरला जा, दिवसभर तेच नाव चिकटून बसतं. रंग द्यायचे असतील तर रंगाच्या कोडच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश लावलेले चौकटी कंस हवेतच, नाहीतर बॅश ते कोडही लांबीत मोजतं आणि मोठी कमांड टाइप करताना ओळ नीट खाली उतरायच्या ऐवजी स्वतःच्याच डोक्यावर चढते, त्यात वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की मग सगळाच चिवडा.

ब्रांचच्या नावाशेजारच्या खुणा चटकन अंगवळणी पडतात. * म्हणजे बदल केलेत पण ॲड केले नाहीत, + म्हणजे स्टेज झालेत (पुढच्या कमिटसाठी ॲड केलेत), $ म्हणजे स्टॅशमध्ये, तात्पुरते बाजूला ठेवलेल्या बदलांत, काहीतरी पडलंय (हे फार कामाचं, स्टॅश ही विसरायचीच जागा आहे). रिमोटशी (सर्व्हरवरच्या प्रतीशी) तुलना करणारी खूण मात्र जपून वाचा. > म्हणजे आपण पुढे, < म्हणजे मागे, = म्हणजे बरोबरीत, पण हे सगळं शेवटच्या फेचच्या (सर्व्हरवरून ताजी माहिती आणण्याच्या) हिशोबाने, प्रॉम्प्ट स्वतः सर्व्हरला काही विचारत नाही. सकाळी सकाळी = बघून खुश होऊ नका, आधी फेच मारा.

आता तक्रार. एका अवाढव्य रेपोमध्ये (गिटमधल्या प्रोजेक्टमध्ये) एंटर मारला की प्रॉम्प्ट यायला चक्क वाट बघावी लागायची, कारण % ही अनट्रॅक्ड (गिटमध्ये अजून न घेतलेल्या) फाइल्सची खूण दाखवायला प्रत्येक वेळी सगळे फोल्डर चाळावे लागतात. मग तेवढ्या रेपोच्या गिट कॉन्फिगमध्ये 'बॅश डॉट शो-अनट्रॅक्ड-फाइल्स' फॉल्स केलं, बाकीकडे चालूच ठेवलंय, आणि वेग परत आला. मॅक किंवा विंडोजवर असाल तर गिट २.३७ पासून एफएसमॉनिटर (फाइल्समधल्या बदलांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) आतच मिळतो, तोही चालू करून बघा.

झेडशेल हे दुसरं शेल वापरणाऱ्यांना याच कामासाठी व्हीसीएस-इन्फो आयतंच आहे, त्यात मर्क्युरियल आणि सबव्हर्जन ही गिटसारखी टूल्सही चालतात, फक्त प्रॉम्प्ट-सब्स्ट ऑप्शन ऑन करायला विसरू नका, नाहीतर ब्रांचच्या जागी व्हेरिएबलचं नावच छापलेलं दिसेल.