बदामी की गोकाक? बेळगावहून एका दिवसाची सहल

पाहुण्यांना तांबड्या कड्यांचं गाव दाखवायचं असेल तर मी बदामीच म्हणेन, पण पहाटे निघायची तयारी हवी. रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा. गोकाकचा धबधबा त्याच्या निम्म्यावरच, नाश्ता करून निघालात तरी चालतं. तिथे घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि तुषार थेट चष्म्यावर येतात. मात्र ही मजा पावसाळ्यातली, उन्हाळ्यात बहुतेक कातळच दिसतो.

बदामीला पाण्याची वाट बघावी लागत नाही. पहिल्या लेण्यातल्या नटराजाचे अठराही हात निवांत मोजा. तिसरं लेणं सगळ्यात मोठं. चालुक्य मंगलेशाचा इ.स. ५७८चा शिलालेख तिथेच आहे. माकडं फार, हातात खाऊ धरू नका. दुपारी खडक तापतो, तेव्हा जेवून घ्या. चारनंतर अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथाच्या देवळाकडे चालत जा. पट्टदकलची प्राचीन देवळं जवळ असली तरी ती त्याच दिवशी कोंबू नका, लेणी धावत बघणं मला पटत नाही.

सोबत गुडघेदुखीची वडीलधारी माणसं असतील तर मात्र गोकाकच. लेण्यांना पायऱ्या पुष्कळ आहेत. शिवाय गोकाकचा ताजा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, मिळतो.