फिंच ॲप: स्किझोफ्रेनिया असलेल्या दादासाठी वापरलं, त्याचा रिव्ह्यू

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं झाली. आवाज ऐकू येणं वगैरे गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे, पण उठून काही करावंसंच वाटत नाही त्याला, आणि घरचे दमतात ते त्यानेच. डॉक्टर याला निगेटिव्ह सिम्प्टम म्हणतात, नातेवाईक आळस म्हणतात. त्यासाठी फिंच घेतलं. एरवी लोक हे ॲप स्ट्रेस, झोप असल्या गोष्टींसाठी सुचवतात, आमच्यासारख्या घरांचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितेय.

यात अंड्यातून पक्ष्याचं एक पिल्लू निघतं, दादाने त्याचं नाव पिंट्या ठेवलंय, आपण छोटी कामं करून टिक केली की त्याला एनर्जी मिळते, ती भरली की ते फिरायला जातं, काहीतरी नवीन बघून येतं आणि आपल्याला त्याबद्दल विचारतं. खडे मिळतात त्यातून त्याला कपडे घ्यायचे. फुकटातलं व्हर्जन आम्हाला पुरतं. कामं आपली आपण लिहायची. दादाची लिस्ट म्हणजे दात घासणे, गॅलरीत जाऊन उभं राहणे, आईशी एक वाक्य बोलणे, बस. 'व्यायाम' टाकला की तो ॲप उघडायचाच नाही. क्लोझापिन या त्याच्या गोळीमुळे सकाळी त्याला प्रचंड सुस्ती असते, म्हणून सगळं अकरानंतरच ठेवलंय.

मला सगळ्यात पटलं ते हे की एखादा दिवस चुकला तरी पिल्लू मरत नाही, आजारी पडत नाही. आधी दुसरं एक ॲप होतं, नाव लिहीत नाही, त्यात दिवस चुकला की सगळं शून्यावर यायचं, आणि ज्याला आधीच वाटतंय की मी कुठल्या कामाचा नाही त्याला स्क्रीनवर शून्य दाखवून काय मिळतं हो? इथे तो चार दिवसांनी उघडतो तरी पिल्लू खूश असतं. एकदा किचनमध्ये येऊन म्हणाला, "आई, पिंट्या आज समुद्र बघून आला." आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग शंख नाही आणले का रे?" आणि दोघं बोलत बसले, कितीतरी वेळ!

पण दोन गोष्टी नीट ऐका. गोळ्या आम्ही गेममध्ये टाकल्या नाहीत, टिक केली म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही, डबी आईकडेच आहे. आणि ज्याला आपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवतंय असं वाटतं त्याच्या फोनवर बोलणारा पक्षी आणि वेळीअवेळी नोटिफिकेशन हे त्रासाचं होऊ शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, नोटिफिकेशन बंद ठेवा, संशय-भास वाढलेले असतील तेव्हा सुरूच करू नका. फिंच काही स्किझोफ्रेनियासाठी बनलेलं नाही, हा उपचार नाहीच.

खास या आजारासाठी बनलेलं प्राईम नावाचं ॲप आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या टीमचं, छोटी ध्येयं, आजारातून गेलेल्या इतरांशी गप्पा आणि कोचचे मेसेज असं सगळं त्यात. 2018 साली त्यांचा अभ्यास छापून आला, 12 आठवड्यांचा, माणसं थोडीच होती पण मोटिव्हेशनमध्ये फरक दिसला. फिंचमध्ये तो कोच नाही आणि आमच्याकडे ते काम आईच करते. पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) संस्थेत रुग्ण आणि घरच्यांसाठी स्वमदत गट चालतात, तिथली मंडळी आणि एखादा ॲप बनवणारा एकत्र बसले तर प्राईमसारखं मराठीत का नाही होणार? कोणी करत असेल तर दादा आणि मी टेस्टिंगला तयार आहोत.